दुसरी प्लेट

प्लेट पहिली.

रणधीरच्या डोळ्यातली बुरशी काचेच्या प्लेटभर पसरली होती. फक्त लिपोपेप्टाइड या नव्या औषधाच्या थेंबाभोवती स्वच्छ कडं होतं. वृषालीनं प्रयोगशाळेतूनच रणधीरला, आपल्या भावाला, फोन लावला.

"मेली रे बुरशी! तुझ्या आल्याच्या वावरातल्या जिवाणूंनीच बनवलंय हे औषध."

"बघ, ताई! डॉक्टर म्हणतात, आजच डोळा काढू, नाहीतर मेंदूत जाईल. आता काढू देत नाही. तुझंच इंजेक्शन घेणार."

औषध माणसाच्या रक्ताला सोसतं का, ती प्लेट अजून बघायची होती. पण तो कितीतरी दिवसांनी हसला होता, म्हणून तिनं ते न सांगताच फोन ठेवला.

प्लेट दुसरी.

हिच्यात रणधीरचंच रक्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, तर तसंच स्वच्छ कडं. लिपोपेप्टाइडनं रक्तपेशीही फोडल्या होत्या.

फोन वाजला.

"ताई, दुसरा डोळाही सुजलाय. कधी आणतेस इंजेक्शन?"