मधलं माणूस

"तुझ्या सासऱ्यांना सांग, चष्मा फ्रिजवर आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. सासरे त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली चष्मा शोधत होते. दोघांच्या मधोमध सून इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. तिच्या मांडीवर दहा महिन्यांची गोटी चार्जरची वायर चघळत होती.

"बाबा, चष्मा फ्रिजवर आहे," सून म्हणाली.

"तुझ्या सासूला सांग, मला माहीत होतं," सोफ्याखालून आवाज आला.

चार दिवस हे असंच चाललं होतं. सासूबाईंचं शिलाई मशीन कुरकुरायला लागलं, म्हणून सासऱ्यांनी मोठ्या प्रेमाने त्यात स्वयंपाकाचं तेल ओतलं. मशीन जे चिकटून बसलं, ते बसलंच. वर स्वतःच म्हणाले, "तेल ते तेल!" आणि तिथेच माशी शिंकली. तेव्हापासून घरातला शब्दन् शब्द सुनेमार्फत जात होता.

सुनेसमोरचा लॅपटॉपचा पडदा चुकांच्या ठिपक्यांनी लालभडक झाला होता. बाळंतपणाच्या रजेनंतरचं तिचं हे पहिलंच मोठं काम. कंपनीच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यात, कितीतरी कंटेनर, म्हणजे छोटे छोटे सुटे प्रोग्रॅम, एका घरात नांदावेत तसे नांदत होते, ज्याचं त्याचं काम करत होते. आता नवी शिस्त आली होती. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर दारातल्या प्रॉक्सी, म्हणजे निरोप्या, कंटेनरमार्फतच बोलायचं. ही शिस्त प्रत्येकाच्या कानात घालायची म्हणजे त्याची सूचनावजा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स लिहायची. तिने ती सकाळीच लिहिली होती. तेव्हापासून पडद्यावरचं सगळं घर आजारी पडलं होतं.

मघाशी टीमच्या प्रमुख बाईंचा फोन येऊन गेला होता. "ताण घेऊ नकोस गं. बारापर्यंत नाही जमलं तर हे काम दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुलाही बाळाकडे बघायचंय." आवाजात साखर घोळलेली. पण एकदा हातून गेलेलं काम परत येत नाही, आणि रजेवरून आलेल्या बाईकडे तर नाहीच नाही, हे सून ओळखून होती.

"तुझ्या सासूला सांग, चहात साखर नाही."

"तुझ्या सासऱ्यांना सांग, थोडं तेल घाला म्हणावं."

निरोप पोचवता पोचवता सून थबकली. ही दोन माणसं एकमेकांच्या शेजारी बसलेली. यांच्या साखरेचा निरोप माझ्यामार्फत कशाला जायला हवा?

तिने पडद्याकडे पाहिलं. तिथेही हेच चाललं होतं की! हिशेबाचा कंटेनर शेजारच्या पावतीच्या कंटेनरला हाक मारत होता, तीसुद्धा दारातल्या प्रॉक्सीमार्फत. प्रॉक्सी बिचारा बाहेरचं जग ओळखणारा. घरातलं माणूस त्याला कुठलं माहीत? "असं कुणी इथे राहत नाही," म्हणून तो प्रत्येक हाक परत पाठवत होता.

सुनेने भराभर 'नो प्रॉक्सी'ची ओळ लिहिली. ही आपली घरची माणसं, यांच्याशी थेट बोला. मग लगे हाथ खुर्चीतूनच दुसरा हुकूम सोडला.

"आई, बाबा, ऐका. आजपासून घरातल्या घरात माझ्यामार्फत निरोप बंद. काय ते थेट बोला."

दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, मला पटलं."

"तुझ्या सासूला सांग, मलाही."

पडदाही लालच राहिला. तिने ओळ पुन्हा तपासली. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. बारा वाजत आले होते. गोटीने वायर सोडून आईची वेणी तोंडात घातली.

आणि एकदम सुनेने कपाळावर हात मारून घेतला. चालू कंटेनर नवं काही ऐकतच नाही! काय सांगायचं ते तो जागा होतानाच सांगायचं. एकदा कामाला लागला की तो जुनंच धरून बसतो. नुसती ओळ लिहून भागत नाही, त्याला बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. लंगोट बदलण्याच्या नादात ती हे साफ विसरली होती.

तिने हुकूम दिला. कंटेनर एकेक करून बंद व्हायला लागले.

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून सासरे साखरेचा डबा धुंडाळत होते. दाराला बाहेरून, बरीच उंच, एक कडी होती. गोटी रांगायला लागल्यावर सासऱ्यांनीच ती हौसेने ठोकली होती.

सून गोटीला कडेवर घेऊन चवड्यांवर चालत गेली, आणि हलकेच कडी सरकवली.

"अगं, कडी!" आतून दोन आवाज एकदमच आले.

"पाचच मिनिटं, आई! बंद करून पुन्हा सुरू करतेय!"

ती परत येऊन बसली. पडद्यावर एक हिरवा ठिपका उगवला. मग दुसरा. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खण्णकन पडलं. कुणीतरी म्हणालं, "तेल ते तेल म्हणे!" मग कुजबुज. शेवटचा ठिपका हिरवा झाला, तेव्हा आतून सासूबाईंचं खुदकन हसणं ऐकू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

फोन वाजला. "झालं? केलंस तरी काय?" प्रमुख बाईंच्या आवाजातली साखर पार विरघळली होती.

"काही नाही, घरच्यांना थेट बोलायला लावलं. आता पुढचं कामही माझ्याकडेच पाठवा."

"पाठवते," बाई म्हणाल्या.

सुनेने गोटीचा पापा घेतला, दाराशी गेली आणि कडीला हात घातला.

"आई, काढू का कडी?"

आत क्षणभर कुजबुज झाली. मग सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अहो, तिला सांगा, इतक्यात नको म्हणावं."