भिरीचा दिवस

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं सारजाबाईनं सृष्टीच्या हनुवटीखाली कुंचीची नाडी बांधली, नि चोरी केल्यासारखं इकडंतिकडं बघून घेतलं. चोरीच होती म्हणा. पिवळी कुंची रतनची, तिच्या नातीची. रतन श्रावणात तापानं गेली, तेव्हापासून ही कुंची सुनेच्या, सुकन्याच्या, उशाखाली असायची. आज सून न्हाणीत गेल्यावर म्हातारीनं ती पदराखाली घालून आणली होती.

"आज्जी, ही रतनची हाय," सृष्टी म्हणाली. सात वर्षांची पोर, पण नजर पक्की.

"व्हय. आता ऐक. सुकन्याकाकीनं हाक मारली की तिच्याकडंच पळायचं. दुसरीकडं कुठंबी न्हाय."

"मला कोण हाक मारत न्हाय. मागल्या साली मॅडमनीच मारली."

"औंदा मारतीय बघ."

सृष्टी वस्तीवरच्याच दुसऱ्या घरातली; ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पोर सख्ख्या चुलतीच्या पदरात राहायची. चुलतीला स्वतःचीच तीन.

लासुर्ण्याजवळच्या त्या वस्तीशाळेत दर जानेवारीत भिरीचा दिवस असतो. भिरी म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातली पोरगी. एवढी घोडी झाली तरी बाळाची कुंची सोडत नाही, फुलपाखरामागं भिरभिरते नि वाट चुकते. मग आई हाका मारते आणि ही बया उसातून धावत येते. पोरांना भारी वेड तिचं! त्या दिवशी सगळी पोरं, मुलगेसुद्धा, पिवळ्या कुंच्या घालून मैदानाच्या एका टोकाला उभी राहतात. दुसऱ्या टोकाला आया. सगळ्या एकच नाव पुकारतात, आणि एवढ्या गलक्यातही ज्याचा तो बरोबर आपल्या आईपाशी पोचतो.

सुकन्याला इथवर आणताना म्हातारीच्या नाकी नऊ आले होते. पाच महिने झाले, सून रडली नाही की कुणाशी धड बोलली नाही. फक्त रोज दिवेलागणीला उसाच्या बांधावर उभी राहायची नि रतनला हाका मारायची. घसा बसेपर्यंत. वस्तीवरच्या बायका आधी तिच्यासाठी रडल्या, मग तिची हाक आली की आपापली पोरं घरात घ्यायला लागल्या. काल रविराजनं, सारजाबाईच्या लेकानं, बोलूनच टाकलं, "आई, सोमवारी तिला माहेरी सोडतो. कायमची. मला न्हाय ऐकवत आता."

नात गेली ती गेली, आता सूनही जाणार?

म्हातारीची हयात मेंढरांत गेलेली. कोकरू मेलं की मेंढी ओरडत राहते, चाऱ्याला तोंड लावत नाही. अशा वेळी मेलेल्या कोकराचं कातडं एखाद्या बिनआईच्या कोकराच्या अंगावर बांधायचं. मेंढी ते हुंगते, कासेला घेते, नि तिचं ओरडणं थांबतं. सारजाबाईनं अशा कितीतरी मेंढ्या गप्प केल्या होत्या. एकदा हाकेला पोर आलं की सुनेचीही हाक थांबेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

सोनम मॅडमनी शिट्टी फुंकली. "चला, मारा हाका!"

"भिरेऽऽ! ए भिरेऽऽ!"

पोरं सुटली. सुकन्या आयांच्या ओळीत अगदी शेवटी, सासूनं दंडाला धरून उभी केलेली. तोंड मिटलेलं.

"मार की गं पोरी," सारजाबाई काकुळतीला आली.

सुकन्यानं हाक मारली. "रतनेऽऽ!"

सृष्टी धावता धावता जराशी थबकली, मग तशीच पुढं आली आणि तिनं सुकन्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. सुकन्या वाकली. तिनं कुंचीला नाक लावलं. दोन्ही हातांनी पोरीचं तोंड वर करून नीट बघितलं, नि मग सासूकडं बघितलं.

"आत्या, मी मेंढी हाय व्हय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हातारीला झालं. "चुकलं माझं, पोरी. तू गप व्हावीस म्हणून केलं गं."

"रतन मेलीय, ठावं हाय मला. रोज ठावं असतंय. पर हाक न्हाय मारली तर तिला वाटंल, आई इसरली."

पाच महिन्यांत एवढं पहिल्यांदाच बोलली होती ती. सारजाबाईनं पदर तोंडात धरला.

सृष्टी बिचारी घाबरून कुंचीची नाडी सोडायला लागली होती. सुकन्यानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. गार वारं हाय."

मैदान शांत होत चाललं होतं. बाकीची पोरं आपापल्या आयांच्या कमरेला बिलगून खिदळत होती. सुकन्या मैदानापलीकडच्या उसाकडं तोंड करून पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात सृष्टीनं तिचं लुगडं ओढलं.

"काकी, माझ्या आईला बी वाटत असंल का, मी इसरले म्हणून?"

सुकन्या तिच्याकडं वळली.

"मी कधीच न्हाय हाक मारली तिला," पोर म्हणाली.

सुकन्यानं तिला उचलून कडेवर घेतलं. पोर कडेवर घेण्याजोगी राहिली नव्हती, पाय पार खाली लोंबत होते. सुकन्यानं उसाकडं बोट केलं.

"मार मग."

सृष्टीनं छाती भरून श्वास घेतला.

"आईऽऽ!"

मैदानातल्या सगळ्या आयांनी वळून बघितलं.