दुभाजकावरचं पिल्लू

वारज्याच्या भर रस्त्यात, दुभाजकावर मांजरीचं एवढंसं पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि इकडे फुटपाथवर त्याची आई येरझाऱ्या घालत होती. राजनंदिनी हात वर करून रस्त्यात उतरली, पण ऑफिस गाठायच्या घाईत एकही गाडी थांबेना. गळ्यात कंपनीचं कार्ड लटकवलेला एक बाइकवाला तर हॉर्न वाजवत अंगावरच आला.

"मॅडम, मरायचंय का? बाजूला व्हा, मला मीटिंग आहे!"

तेवढ्यात मांजरीने त्याच्यासमोरूनच पलीकडे धूम ठोकली. राजनंदिनीने डोळे गच्च मिटले. करकचून ब्रेक लागले.

डोळे उघडले, तर अख्खा रस्ता थांबलेला आणि मांजर पिल्लाला तोंडात धरून सावकाश परत निघालेली.

बाइकवाला पाय टेकून शेजारच्या कारवाल्याला अदबीने म्हणत होता, "आडवी गेलीय हो. तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून."