फायनलला इमाम हरतो

आणखी एक गेम घेतला की इमाम जिंकणार होता.

दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मुरमाच्या कोर्टाभोवती माणसं उठून उभी राहिली होती. पहिला सेट इमामनं सहज घेतला होता. दुसऱ्यात तो पाच-दोननं पुढं होता. जंक्शनवरच्या गोऱ्या ड्रायव्हरांचे चेंडू उचलता उचलता तो लहानपणी टेनिस शिकला, आणि आता पुण्या-सोलापूरकडचे खेळणारे त्याला वचकून असायचे. तो हरायचा एकाच माणसापुढं. खुटबावच्या सर्जेरावांपुढं. सर्जेराव मोठे बागायतदार. कॉलेजात असताना पुण्यात रॅकेट धरलेली. वय पन्नाशीला टेकलेलं, बॅकहँड लुळा. तरी दर वर्षी फायनलला इमाम त्यांच्यापुढं हरत आला होता.

बड्या माणसापुढं नमतं घेतो, असं परगावचे म्हणत. दौंडचे लोक त्याच्या तोंडावर काही म्हणत नसत. त्याच्या हरण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं.

सर्जेरावांचा एकुलता मुलगा संपत इमामच्या इंजिनाखाली गेला होता. अठ्ठावन्न सालची गोष्ट. चौकशीत साहेबानं विचारलं होतं, "मुलगा मुद्दाम रुळांत उभा होता काय?"

दाराशी संपतची आई कस्तुराबाई भिंतीला धरून उभी होती. इमामनं तिच्याकडं पाहिलं. संपत रुळांच्या मधोमध, इंजिनाकडं तोंड करून उभा होता. शेवटपर्यंत हलला नव्हता. डोळे मिटले तरी ते इमामला दिसत होतं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला, "पोरगं रूळ वलांडत हुतं. शिट्टी द्यायला मलाच उशीर झाला."

शेजारी बसलेल्या, त्याच्याच इंजिनावरच्या फायरमननं मान खाली घातली. मेलगाडी चालवणारा इमाम शिक्षा म्हणून यार्डात डबे ढकलायला, शंटिंगला आला.

त्याच हिवाळ्यापासून सर्जेराव फायनलला बायकोला घेऊन येऊ लागले. पंचाच्या मागच्या खुर्चीवर कस्तुराबाई पदर ओढून बसायची. चेंडू कुठं जातो हे ती बघत नसे. ती इमामकडं बघायची. मग इमामचा हात जड व्हायचा आणि सोपे सोपे चेंडू नेटमध्ये जायचे.

यंदा मात्र त्याच्या बायकोनं, नूरबीनं, त्याला उंबऱ्यातच अडवलं होतं. "सगळं दौंड म्हणतंय, मानूस मारलाय म्हणून हात कापतो. हमीदाला सोयरीक येईना. लेकीसाठी तरी एकदा जिंका." इमामनं होकाराची मान हलवली होती. आज त्यानं त्या खुर्चीकडं एकदाही बघितलं नव्हतं.

बाजू बदलायची वेळ आली. दोघं पंचाच्या शिडीखालच्या माठापाशी आले. सर्जेराव इतक्या वर्षांत इमामशी एक शब्द बोलले नव्हते. आज त्यांनी पेल्यात पाणी ओतलं आणि न पिता पेला तसाच धरून ठेवला.

"इमामभाई, शिट्टी टायमात झाली हुती," ते हळूच म्हणाले. "मी उसाच्या फडात हुतो. लांबनं वाजत आली. मी ऐकली."

हातातला पेला खाली ठेवून इमाम म्हणाला, "मग आजवर बोलला न्हाईत?"

"तिला काय सांगू? पोरगं का हुबं ऱ्हायलं, ते मलाच म्हाईत न्हाई." सर्जेरावांची नजर पेल्यावरच होती. "संपत गेल्यापास्नं ती घराबाहेर पडत न्हाई. अन्नाला शिवत न्हाई. पैल्या वर्सी बळंच आणली हितं. तुम्ही हरलात, आन् त्या दिवशी ती पोटभर जेवली. तवापास्नं आणतो."

पंचानं हाक मारली.

"हरा म्हणायला मला तोंड न्हाई," सर्जेराव म्हणाले. "तुमच्या पोरीचं माझ्या कानावर आलंय." पेला तसाच भरलेला माठावर ठेवून ते आपल्या बाजूला गेले.

सर्व्हिस इमामची होती. समोर, तारेच्या कुंपणापलीकडं नूरबी उभी होती. तिनं हमीदाचा हात घट्ट धरला होता. यार्डातून इंजिनाचा धूर वाहत आला आणि कोर्टावरून गेला. धूर निवळेपर्यंत इमाम थांबला. मग आज पहिल्यांदाच त्यानं खुर्चीकडं बघितलं. कस्तुराबाईचे डोळे त्याच्यावरच होते.

पहिला चेंडू रेषेच्या बाहेर पडला. दुसरा नेटमध्ये गेला.

आज हात जड नव्हता. उलट कधी नव्हे इतका हलका होता. प्रत्येक चेंडू त्याला नीट दिसत होता, आणि जिथं मारायला नको तिथंच तो नेमका मारत होता. दुसरा सेट गेला. उभे असलेले लोक एकेक करून खाली बसले. तिसरा सेट संपायच्या आधीच नूरबी हमीदाला घेऊन घराकडं निघाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

खेळ संपल्यावर सर्जेरावांनी हस्तांदोलनाला हात पुढं केला. इमामनं तो धरला आणि सोडला.

माणसं पांगली. इमाम एकटाच खांबाला बांधलेलं नेट सोडवत बसला. फाटकाशी टांगा उभा होता. सर्जेरावांनी बायकोला वर चढायला आधार दिला. टांग्यात बसताना कस्तुराबाईनं नवऱ्याला विचारलं ते इमामला स्पष्ट ऐकू आलं.

"पुढल्या वर्सी कवा हाय वो ह्यो खेळ?"