खणाचा तुकडा

पडद्यामागून अर्हूचा, गजाने वाजवायच्या चिनी वाद्याचा, पहिला सूर आला आणि परीक्षकांत बसलेल्या अनुयाने वाजवणारा ओळखला. दोन तारांखाली तिच्या आईच्या खणाचा तुकडा असल्याशिवाय आवाज इतका मऊ येत नाही. शाळेत असताना तिनेच तो कापून लाओशींना, आपल्या चिनी गुरुजींना, दिला होता. साठीनंतर हौगांग वस्तीतल्या चिनी वाद्यवृंदात टिकायचं तर प्रत्येकाला अशी निनावी परीक्षा द्यावी लागे. दुसऱ्या ओळीत बोट घसरलं, पुन्हा घसरलं. बाकीच्या चौघांची मतं फुटली, दोन-दोन. सगळे तिच्याकडे पाहू लागले. “कोण वाजवतंय ते ओळखायचं नाही, नुसतं ऐकायचं,” हे लाओशींनीच शिकवलेलं. तिने ‘नाही’ लिहिलं. निकालानंतर ती पडद्यामागे गेली, तेव्हा लाओशी अर्हू मांडीवर घेऊन बसले होते. “दुसऱ्या ओळीत घसरलो. ऐकलंस ना?” “हो, लाओशी.” “मग बरोबर केलंस,” म्हणत त्यांनी तारांखालचा खण काढून तिच्या हातात ठेवला.