तीन मापं

"दोरा रेशमी आहे का?" शहजाद्यांनी विचारलं. ते भिंतीला पाठ लावून उभे होते.

"सुती, हुजूर." तलवारी घडवणाऱ्या केवोर्क उस्तांनी टोक ओढलं. दोरा तुटला. "याने कोंबडीचे पायसुद्धा बांधता येणार नाहीत."

शहजादे हसले नाहीत. बारा वर्षं ते या दोन खोल्यांत कोंडलेले होते. या महालात राजघराण्याचं रक्त सांडत नाहीत, रेशमी दोरीने गळा आवळतात. त्यांच्या काकांसाठी तीच आणली होती. आज सकाळी सुलतान वारले. गादीसाठी उरले दोघे, हे आणि पलीकडच्या दालनातले थोरले भाऊ.

उस्तांनी लोकरी नमदा उलगडला. आत मूठ न बसवलेलं पातं. त्यावर सोन्याच्या वेली, मधोमध कोरी जागा.

"नव्या सुलतानांच्या कमरेला बांधायची तलवार. बोट फिरवून बघा, धार नाहीच. नुसती मिरवायची."

"माझं नाव कुठंय?"

"नाव शेवटी. आधी माप, मग नाव."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कारभारी फिरूझ आगांनी. म्हणाले, धाकट्यांचं माप आणा."

"शपथ घ्या, उस्ता."

उस्तांनी ताटातला पाव उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला. "या अन्नाची शपथ. माप तुमचंच हवंय त्यांना."

शहजादे भिंतीपासून दोन पावलं पुढे आले.

*

कंबर.

लाल दोऱ्याला एक गाठ. "फार वाळलात, हुजूर. पट्टा दोन वेढ्यांचा करावा लागेल."

"इथलं पिलाफ खाऊन दाखवा, मग बोला."

*

खांदे.

पांढरा दोरा, एक गाठ. हा आगांनीच दिला होता.

"कमरेच्या तलवारीला खांदे कशाला?"

"अंगरखाही शिवायचा असेल. मला सांगितलं तेवढं मी करतो."

"खाली रंधा कशाचा चाललाय? सकाळपासून ऐकतोय."

"मिरवणुकीची होडी असणार. तलवार बांधायला अय्यूबच्या दर्ग्याला पाण्यातूनच जायचं ना."

शहजादे खिडकीकडे वळले. पाणी तिथून बोटभर दिसत होतं. "बारा वर्षांत वाहतं पाणी पायाला लागलं नाही, उस्ता," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

*

उंची.

"टाचेपासून टाळूपर्यंत," उस्ता म्हणाले. "तलवार जमिनीला घासली तर लोक हसतील."

"तलवार काय टाळूला बांधणार आहात?"

"आगांना विचारा. वाद घालायला माझ्याकडे एकच डोकं आहे."

शहजाद्यांनी सपाता काढल्या. पोरांची उंची मोजताना उभं करतात तसे ते ताठ उभे राहिले. हात सरळ, डोळे मिटलेले. उस्तांनी त्याच पांढऱ्या दोऱ्याला दुसरी गाठ मारली.

*

फिरूझ आगा अंगणात वाट बघत होते.

"घाबरले?"

"आधी घाबरले. नंतर स्वतःच सपाता काढल्या."

"तुम्हीच हवे होतात. आमच्यापैकी कुणाला त्यांनी जवळ येऊ दिलं नसतं." आगांनी लाल दोरा उस्तांना परत दिला. "हा नको. थोरल्यांची कंबर मोजून ठेवलीय, नावही त्यांचंच घाला."

पांढरा दोरा त्यांनी रंधा मारणाऱ्याच्या हातात दिला.

सुताराने तो फळीवर ताणून धरला, दोन्ही गाठींशी खुणा केल्या आणि विचारलं, "झाकणालाही हेच लाकूड घेऊ?"