डोंगरावरचा राष्ट्राध्यक्ष

राष्ट्राध्यक्षांच्या डोंगरावरच्या बंगल्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिसऱ्यांदा आत फोन लावला आणि तिसऱ्यांदा मान हलवली. "साहेब कुणालाच भेटत नाहीत."

गाडीत सत्ताधारी पक्षाची तीन वडीलधारी माणसं बसली होती. पुढे ज्येष्ठ मंडळाचे प्रमुख ओफोसुहेने. आपल्या गावच्या गादीचे ते राजे, म्हणून सगळे त्यांना नाना म्हणत. मागे निवृत्त डॉक्टर लांटे. त्यांच्या शेजारी मा अफ्राकोमा, कुमासीच्या बाजारात चाळीस वर्षं कापड विकलेली बाई.

"मी राजधानीत, अक्र्यातच म्हणालो होतो," नाना म्हणाले. "तो सचिव बेडिआको आपल्याला आत सोडणार नाही. परत फिरू या. मा, तुम्ही तेवढी सही करा. उद्यापासून ज्येष्ठ मंडळ कारभार बघेल."

निवेदन मांच्या मांडीवर होतं. राष्ट्राध्यक्षांची प्रकृती बरी नाही, ते विश्रांती घेत आहेत, तोवर नानांच्या अध्यक्षतेखालचं ज्येष्ठ मंडळ त्यांच्या वतीने निर्णय घेईल. खाली डॉक्टरांची सही होती.

"डॉक्टर, तुम्ही त्याला तपासलंत कधी?" मांनी विचारलं.

"तपासलं नाही. नाना म्हणाले, म्हणून सही केली."

"बाजारात मी कापडसुद्धा उलगडून दाखवल्याशिवाय विकलं नाही," मा म्हणाल्या.

तीन आठवडे राष्ट्राध्यक्ष क्वाजो अमान्फो कुणाला दिसला नव्हता. नर्सांचा संप चालू होता, बंदरावर गोदी कामगार बसून होते, दोन मंत्री राजीनामे देऊन घरी गेले होते. पक्षाच्या कचेरीतून रोज एकच वाक्य येई, राष्ट्राध्यक्ष कारभार पाहत आहेत. लोक हसत. मांना हसू येत नव्हतं. निवडणुकीत याच क्वाजोचा हात धरून त्या दुकानादुकानातून फिरल्या होत्या. आता त्याच दुकानांतल्या बायका त्यांना पाहून गिऱ्हाइकाकडे वळत.

आणि क्वाजो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. कुणीतरी त्याला गप्प केलं होतं. नाना म्हणत, त्याचा सचिव बेडिआको. मांनाही तसंच वाटे.

मा गाडीतून उतरल्या आणि सरळ आडव्या दांड्याखालून वाकून आत शिरल्या. पहारेकरी धावत आला.

"मा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"असू दे. सांग, म्हातारीनं ऐकलं नाही."

त्याने हात मागे घेतला. नाईलाजाने डॉक्टर उतरले. मग नानाही आले, काठी टेकत.

बेडिआको पायऱ्यांवरच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याच्यामागे व्हरांड्यात सहा-सात ट्रंका दोऱ्यांनी बांधून ठेवल्या होत्या. मांनी ट्रंकांकडे बोट केलं.

"कुठं नेताय त्याला?"

बेडिआकोने आधी नानांकडे पाहिलं, मग मांकडे. "आता साहेबांना कशाला छळता, मा? त्यांनी करायचं ते केलंय. बोलायचं काय उरलंय?"

"काय करायला लावलंस त्याला?"

"मी?" तो विचित्र हसला. "मी तर पाया पडून नको म्हणत होतो."

"ऐकलंत?" नाना हळूच म्हणाले. "एक शब्द सरळ नाही. चला इथून. हे काम आता कागदानंच होईल."

मांनी बेडिआकोला बाजूला सारलं.

राष्ट्राध्यक्ष मागच्या अंगणात आंब्याखाली बसला होता. पायात जुन्या चपला, मांडीवर उकडलेल्या शेंगांचा वाडगा. मांना पाहून तो उठला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. चेहरा भरलेला होता. डॉक्टरांनी न विचारता त्याची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"माझ्यापेक्षा बरी आहे," ते शेवटी म्हणाले आणि नानांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मांचा जीव भांड्यात पडला. मग राग आला.

"तू ठणठणीत आहेस," त्या म्हणाल्या. "आणि इथं शेंगा खातोयस. माझी नात नर्स आहे, क्वाजो. गेल्या सोमवारी पोलिसांनी तिच्यावर पाण्याचा मारा केला. घरी आली ती ओलीचिंब, थरथरत. मला म्हणाली, आजी, हाच ना तुझा माणूस? मी काय सांगायचं तिला?"

क्वाजोने वाडगा खाली ठेवला.

"क्वाजो दमलाय, मा," नाना मध्येच म्हणाले. "त्याला बोलायला लावू नका. सगळं मी सांगेन, गाडीत."

मांना नानांची कीव आली. हा माणूस अजून त्याला सांभाळून घेतोय. पण सांभाळायची वेळ गेली होती.

"उद्या सकाळी टीव्हीवर ये," त्या क्वाजोला म्हणाल्या. "तुझ्या त्या मेव्हण्याला अर्थखात्यातून काढ. नर्सांशी स्वतः बोल. चुकलो म्हण. आम्ही तिघं तुझ्यामागे उभे राहू. अजून वाचशील."

क्वाजोच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, गोंधळ होता.

"मा, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

"काय सांगायचं?"

"नाना म्हणाले, पक्षाचं जुळेपर्यंत डोंगरावर राहा, बाहेर पडू नकोस, तोंड उघडू नकोस. म्हणून थांबलोय." त्याने मांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. काठीचा आवाज थांबला होता. "संसदेच्या सभापतींना नेऊन द्यायला माझा राजीनामा मी स्वतःच्या हातानं नानांना दिला, त्याला आज बावीस दिवस झाले."